हरकत

वीस फेब्रुवारीच्या आत दर ठरायचे.
त्याआधी सभा, सभेआधी विषयपत्रिका,
विषयपत्रिकेआधी पोटे साहेबांची सही,
आणि साहेब कामठीला, पुतणीच्या लग्नात.
घरामागे एक रुपया वाढवायचा
तर इतक्या दारांतून वाकून जावं लागतं महापालिकेला.
लोकांना वाटतं, आम्ही रात्रीतून वाढवतो.

मी झोन कार्यालयातला. टेप माझी, तीस मीटरची,
पहिल्या मीटरचे आकडे घासून गेलेले.
म्हणून मी एकपासून धरतो आणि शेवटी एक वजा करतो.
एकदाच विसरलो.
ते घर मेहुण्याचं होतं.

नोटीस हातात पडल्यापासून एकवीस दिवस मिळतात.
एकविसाव्या दिवशी, शटर ओढायला दहा मिनिटं असताना
कौतिकाबाई हेडाऊ आल्या गोळीबार चौकातून पायी,
ऑटोवाल्यानं चाळीस मागितले म्हणून.
वहीचं पान, नातवाचं अक्षर,
विषय : हरकत.

सुनावणी मार्चातल्या मंगळवारी.
भिंतीला टेकवलेल्या वाळ्याच्या नव्या ताट्या, अजून कोरड्या.
नोंद वाचून दाखवली :
मागची खोली, दहा बाय चौदा, बिगरनिवासी, यंत्रमाग.

"यंत्रमाग कुठचा जी? हातमाग होता.
तो बी इकला, हे गेले त्या साली,
जळाऊ लाकडाच्या भावानं."
मग आता काय आहे तिथे?
"खड्डा हाये."

मागाचा खड्डा. विणणारा काठावर बसतो,
पाय खाली सोडतो, पावड्या दाबत राहतो.
चाळीस वर्षं दोन पाय त्यात चालले
आणि खोलीबाहेर गेले नाहीत.

"त्याचा बी टॅक्स लावता का?"
मी परिशिष्ट उलटलं. तळघर आहे, गच्ची आहे,
सज्जा, जिना, मोकळा भूखंड.
खड्डा नाही.
"बुजवून टाकायचा ना बाई," शेजारच्या टेबलावरचा इंगोले म्हणाला.
त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.
"कांदे ठेवतो त्याच्यात. थंडे राह्यतेत."

जन्मभर म्हणाल्या असतील, हरकत नाही.
गांधीबागेतल्या शेठनं थान परत केलं, हरकत नाही.
नळ रात्री तीनला आला, हरकत नाही.
पोरगा पुण्याला गेला तो गेलाच, हरकत नाही.
आता त्यातला 'नाही' घरी ठेवून
उरलेला एकच शब्द त्यांनी टेबलावर आणला होता,
आणि नियम असा, की तो मी नोंदवहीत चढवलाच पाहिजे,
समोर खुर्ची दिलीच पाहिजे, ऐकलंच पाहिजे.
त्या जाड पुस्तकातलं मला आवडणारं पान हेच.
बाकीचं सगळं वसुलीचं.

गुरुवारी पुन्हा मोजायला गेलो.
टेपचं एक टोक त्यांनी धरलं, भिंतीशी, ओणवून.
दुसरं माझ्याकडे, आणि मध्ये तो चौकोनी अंधार,
कांद्यांच्या वासाचा.
मी काठावर बसलो, मोजण्यापुरता.
पाय आपोआप खाली गेले.
बराच वेळ कुणी आकडा विचारला नाही.

वापर : निवासी.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : माग नाही. खड्डा आहे. कांदे आहेत.
साहेबांनी वरच्या दोन वाक्यांवर सही केली,
तिसरं लाल शाईनं खोडलं.

दर मात्र सभेत वाढलेच होते,
सूचना देऊन, हात वर करून, अगदी नियमानं.
नव्या सालचं बिल फिरून
जवळपास जुन्याच आकड्यावर आलं.
सदतीस रुपये कमी.
"येतानी ऑटोनं आली," कौतिकाबाई म्हणाल्या,
नोटा मोजल्या, पावती पदराला बांधली,
आणि जाताना टेबलावर चार कांदे.

नागरिकांकडून काही घ्यायचं नाही, तो नियम निराळा,
त्याचं पुस्तकही निराळं.
हे मात्र मी नोंदवहीत चढवलं नाही.